कोड चार

परदेशीपुरा, घर क्रमांक एकसष्ट.
सकाळी अकराला गेले: दार बंद.
दुपारी चारला गेले: दार बंद, कडी आतून.
म्हणजे माणूस आहे.
टॅबलेटवर चौकट तयारच असते,
कोड चार, 'प्रतिसाद नाही'.
बोट टेकवलं की घर संपतं.

टोकेकर सर म्हणाले, शेजारचं घ्या की,
बासष्टमधल्या काकू केव्हाच्या बोलावतायत.
खरंय. काकूंनी परवा चहासुद्धा दिला.
दुपारी दोन ते चार झोपतात, रात्री दहाला पुन्हा,
उरलेल्या वेळात उत्तरं द्यायला मोकळ्या.

पण सर्वेक्षण झोपेचं आहे, सर.
रात्रभर जागलेली माणसं दिवसा दार कशी उघडतील?
उघडणाऱ्यांचीच बेरीज केली
तर अहवालात सगळं इंदूर
सव्वासात तास गाढ झोपेल.

सरांनी एक फेरी दिली. पेट्रोल नाही.

प्रशिक्षणात शिकवलेलं:
ओळखपत्र पुढे, चेहरा हसरा, 'फक्त वीसच मिनिटं'.
पायऱ्यांनी शिकवलं ते वेगळं.
बेल एकदाच, मग दोन पावलं मागे.
फाइल छातीशी धरली की आपण हप्तेवाली दिसतो.
नको म्हणाले तर 'का' विचारायचं नाही;
सत्तरमधल्या म्हाताऱ्यांचं 'नको' मी तसंच घेतलं,
नमस्कार करून.

संध्याकाळी सव्वासात. गेंदाबाई आल्या,
डोळे सुजलेले. "कुछ नहीं चाहिए."
म्हटलं, विकायला नाही आले,
तुमच्या झोपेबद्दल विचारायचंय.
त्या हसल्या. बराच वेळ हसल्या.
मग उंबऱ्यावर बसल्या
आणि चपला सरकवून मला जागा केली.

रात्री राजवाड्याकडचे रस्ते झाडतात.
पहाटे पाचला घरी, सातला मुलाचा डबा,
साडेआठला नळ,
मग पत्रा तापेपर्यंत झोपेचा एक तुकडा,
ऊन कलल्यावर दुसरा.
किती तास?
बोटांवर मोजलं, अडखळल्या, पुन्हा मोजलं.
'पाचेक का?' माझ्या ओठांवर आलं होतं.
गिळलं. दुसऱ्याच्या तोंडात
आपला आकडा भरवायचा नसतो.
"तीन," त्या म्हणाल्या. "इतवारी चार."

प्रश्न चौदा: जाग कशामुळे येते?
पर्याय सहा. डास, उकाडा, आजार, चिंता,
सगळ्यांना मान हलवून नाही.
"कोणीतरी दार वाजवतं."

मी 'इतर'वर बोट टेकवलं,
शब्द होते तसे लिहिले.
खाली, शेऱ्याच्या जागी:
सकाळी अकरा. दुपारी चार.
मीच.