बुआलोय, तू विचारलंस सोपी कोणती

थाखेकला, टायरच्या दुकानावरच्या खोलीत
तू कोरियनचा पहिला धडा गिरवते आहेस.
आणि इथे मिर्यांगच्या डोंगराखाली, प्लास्टिकच्या मांडवात,
सत्तरीची मो बुन-सिल
पेरिलाच्या पानांच्या जुड्या बांधता बांधता
माझ्याकडून लाओ शिकते.
दोघींचा प्रश्न एकच.

काय सांगू.
कोरियन अक्षरं एका रात्रीत येतात.
चौकोनी, एकावर एक नीट रचलेल्या डब्यांसारखी.
सकाळी बसवरची पाटी वाचता येते,
वाटतं, झालं की!
तिथेच फसगत.
बस कुठे जाते ते कळतं,
ड्रायव्हर का खेकसला ते कळत नाही.
इथे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं
आणि समोरच्याचं वय बघून शेपूट हलवतं.
म्हाताऱ्यांच्या वाडग्यात पडला
की भाताचंसुद्धा नाव बदलतं.
पहिल्या आठवड्यात मी म्हातारीला म्हणाले, ‘जेव.’
लहान तोंडी मोठा घास.
मांडवातल्या बाया पानं मोजायच्या थांबल्या.

आपलं ‘खा’ कसं, पाण्याखालच्या दगडासारखं,
काल, आज, उद्या, राजा असो की रेडा,
जागचं हलत नाही.
जेवून झालं तर शेवटी एक ‘लेओ’ टाकला की पुरे.
बुन-सिलला हे फार आवडलं.
‘इतकंच?’ म्हणाली, ‘मग मी महिन्यात शिकते.’
मी तिला आपल्या लिपीतलं एक पान दाखवलं.
चष्मा पुसून तिने विचारलं,
‘शब्द कुठे संपतो?’
संपत नाही, आजी.
चिकट भात मुठीत दाबावा तशी आपली ओळ.
स्वर कधी व्यंजनाच्या पुढे, कधी मागे,
कधी डोक्यावर चढून बसलेले.

तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवलीय.
गावात जाणाऱ्या बसचा नंबर तेहेतीस.
मी चुकून आपल्या भाषेत म्हणाले, ‘साम सिप साम.’
ड्रायव्हरने मान डोलावली.
त्यांचाही तेहेतीस तसाच.
कुठल्या जुन्या चिनी व्यापाऱ्याच्या पोत्यातून
हे आकडे दोन्हीकडे सांडले, कोण जाणे.
त्या दिवशी मी विनाकारण
शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिले.

बाकी मेहनत आहे.
चंद्र, लेक आणि मुखवटा
त्यांच्याकडे जिभेच्या एका दाबाने वेगळे होतात.
माझ्या तोंडून अजून
पौर्णिमेला कुणाची तरी लेक उगवते.
आणि समजणं म्हणजे आपल्याकडे काळजात शिरणं,
‘खाओ चाय’,
शिरणं आणि भात एकाच आवाजाचे.
हे मी तिला सांगितलं
तेव्हा ती बराच वेळ देठ खुडत राहिली.

काल मात्र गंमत झाली.
तिला विचारायचं होतं, ‘तुझं घर लांब आहे का?’
लांबचा ‘काय’ खालून वर चढतो.
तिचा वरून खाली घसरला,
झालं, ‘तुझं घर जवळ आहे का?’
मी म्हटलं, आजी, चढ चढायचा, उतरायचं नाही.
तिने श्वास घेतला, आवाज सपाट धरला,
‘तुझं घर कोंबडी आहे का?’
दोघी हसलो.
एक अख्खी जुडी चिखलात पडली.
तिसऱ्यांदा पुन्हा जवळ.
चौथ्यांदाही जवळ.
खोकी भरायची होती, ट्रक फाटकाशी उभा होता.
मग तिने जे विचारलं होतं त्याचंच उत्तर दिलं.
‘बो,’ म्हटलं.
नाही.

परीक्षेच्या दिवशी पोटभर खाऊन जा.
सोपी कोणती, ते अजून ठरत नाही.
येताना जाड मोजे आण, दोन जोड.