एकट्या तंबूची खूण

नकाशा नमद्यावर पसरला. चार कोपऱ्यांवर
चहाची वाटी, घोड्याचा नाल, सुकवलेल्या दह्याचे दोन गोळे.
मोजणी पंचावन्न सालची,
आणि सारी-बुलाक नेमकं घडीत झिजलेलं.

दक्षिणेला समोच्च रेषा अशा दाटीने बसल्यात
की बोटानं चढतानाही दम लागावा.
मग त्या सैल होतात, ऐसपैस होतात,
आणि आकड्याच्या आधी मला गवत दिसतं.
तीन हजार एकशे चाळीस मीटर.

या प्रतीत ओढा अखंड निळा.
तीस वर्षांनंतरच्या प्रतीत तुटक.
काल त्याच्यातून चालत गेलो, बुटांना धूळ.

कुरणाचा तंटा होता. वरचं गाव, खालचं गाव.
एसेनगुलनं नखानं एक खूण दाखवली:
सगळ्या तंबूंपासून फटकून, खिंडीच्या तोंडाशी
एक तंबू. सूचीत लिहिलेलं, कायमचा मुक्काम.
"म्हणजे वरच्या गावाचा हक्क जुना."
खालच्या गावानं टोप्या मागे सारल्या,
आणि कुरण बुरुलकानच्या नातवाला, मेदेरला गेलं.

बुरुलकान तेव्हा काही बोलली नाही.
एका काडीचा चष्मा पुसत राहिली.

परतताना, घोडा पाण्यावर थांबला तेव्हा म्हणाली,
"तो आमचा तंबू. मी आठ वर्षांची.
एका घोडीवरून अब्बा काकांशी बिनसले,
आणि रागारागात बिऱ्हाड वर नेलं.
आई थंडीनं आणि लाजेनं रडायची.
एकदा विमान आलं. मेंढ्या उधळल्या.
मी हात हलवला.
पंधरा दिवसांनी काका घोडी घेऊन आले, आम्ही उतरलो.
पुन्हा कुणी गेलं नाही तिथे. वारा फार."

एका माणसाचा पंधरा दिवसांचा रुसवा,
आणि सत्तर वर्षं प्रतीवर प्रत.
हात हलवणारी मुलगी मात्र
त्या मापात मावली नाही.

"सांगायला हवं होतं का?" तिनं विचारलं,
पण माझ्याकडे न बघता, घोड्याला.
घोडा पाणी पीत होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच वर गेलो, होकायंत्र घेऊन.
खूण बरोबर होती, वीस पावलांचा काय तो फरक.
गवतात एक गोल, आतलं गवत जरा गडद.
वारा खरंच फार.