बिनअंगाचा माणूस

हिशेब बघणाऱ्या पेल्कीबाई म्हणाल्या,
कंपनी म्हणजे कायद्याच्या लेखी एक माणूसच, रेनाल्ड.
मी विचारलं, त्याला अंग असतं का?
नसतं, त्या म्हणाल्या, तीच तर सोय आहे.

तेव्हापासून दहा दिवस
हा बिनअंगाचा माणूस आमच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला आहे,
तीन पानी अर्जात घडी होऊन,
मिठाच्या बरणीखाली.
त्याला थंडी वाजत नाही, तो जेवत नाही,
वर्षाकाठी फी तेवढी मागणार.

मेनच्या अगदी वरच्या टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो
अशा गावात मी सव्वीस वर्षं धुराडी झाडतो.
ट्रकच्या दारावर अजून बापाचं नाव:
अल्सीड थिबोडो आणि मुलगा.
मुलगा म्हणजे मी.
काजळी माझ्याच नखांत, पावती माझ्याच नावाची,
आणि काही बिनसलं
तर येणार तेही माझ्याच अंगाशी.

ऑक्टोबरात फ्रेंचव्हिलला एक घर जळलं.
त्याचं धुराडं मी सप्टेंबरात झाडलेलं.
तीन रात्री छताकडे बघत मी मोजत होतो,
हे घर, ट्रक, शिड्या,
मार्गोच्या आईनं दिलेली नदीकाठची पट्टी,
कोलेटच्या कॉलेजचे
आणि पुन्हा पहिल्यापासून,
जणू परत मोजलं तर काहीतरी
त्यांच्या नजरेतून सुटेल.
चौथ्या दिवशी कळलं, आग वायरिंगची होती.
मी ओट्याला टेकून हसलो,
मग लाज वाटली.
त्या माणसांचं घर तर गेलंच होतं.

पेल्कीबाई कराचंही बोलल्या.
सध्या मालकाचा वाटा मी भरतो, नोकराचाही मीच,
एकाच खिशाला दोन्ही बाजूंनी कात्री.
कंपनी झाली की मी माझाच नोकर.
स्वतःला वाजवी पगार द्यायचा,
वर उरेल त्याला ही कात्री लागत नाही.
वर उरेल, मी म्हटलं.
त्यांनी माझा गेल्या वर्षीचा कागद पुन्हा पाहिला
आणि चष्मा काढून ठेवला.

आणि हे बघ, त्या म्हणाल्या,
विटेतली भेग तुझ्याच डोळ्यांतून निसटली
तर हा माणूस आड येईलच असं धरू नकोस.
हाताची चूक हाताला चिकटते. त्याला विमा.
उद्या एखादं पोरगं कामाला ठेवलंस,
त्यानं शिडी कुणाच्या काचेवर पाडली,
तेव्हा हा कामाचा.
फक्त त्याचा पैसा आणि घरचा पैसा
एका डब्यात ठेवू नकोस.
मिसळलेस, तर न्यायाधीश म्हणेल
असा माणूस नव्हताच कधी.

आमच्याकडे डबा एकच, कॉफीचा, फ्रिजवर.
त्यातून ब्रशांच्या काड्या आल्या,
त्यातूनच कोलेटचे स्केट्स,
त्यातूनच बापाच्या थडग्यावरची अक्षरं,
अक्षरामागे भाव होता, म्हणून मधलं नाव गाळलं.

मार्गो म्हणते, सही कर.
जन्मात कधी अंग चोरलं नाहीस,
एकदा थोडं काढून घेतलंस तर कोण हसणार आहे?
तिचं बरोबर आहे. मी पेनही आणलं.
नावाच्या रकान्यात
थिबोडो आणि
इथवर लिहिलं.
कोलेट खांद्यावरून वाकून म्हणाली, आणि कोण?

आज सकाळी म्हाताऱ्या ऑरोर सिरच्या दारावर थाप मारली.
आतून आवाज आला, कोण ते?
मी, म्हटलं.
एवढ्यावर तिनं कडी काढली.
काम झाल्यावर पाकीट तीनदा उघडून मिटलं,
मग अर्धं पोतं बटाटे ट्रकमध्ये ठेवायला लावले.

ते आता टेबलावर आहेत, अर्जाला माती लावत.
हे कंपनीचे म्हणायचे की घरचे? मी विचारलं.
मार्गोनं सुरी पुढे केली.
आधी सोल, म्हणाली.