गाळी

डेअरीच्या स्लॅबवर बावीस प्लेटा.
तोंडं दक्षिणेला, उन्हाकडे,
पाठी उत्तरेला उघड्या.
सेक्रेटरी बसाप्पा जिन्यातनंच फोन वाचून दाखवतो,
"बिरुगाळी बरतैती, रेणव्वा. संजी ऐद गंटेक."

त्याच्यात गाळी म्हणजे वारा,
आमच्यात शिवी.
गेल्या वैशाखात दोन्ही आल्या होत्या,
आधी त्याची, मग चेअरमनची.
मी खाली मान घालून दोन्ही घेतल्या.

नऊ नंबरची प्लेट उडाली ती
विहिरीवरून, चिंचेवरून
ओमाण्णाच्या नांगरटीत.
काचेची पार जाळी झालेली.
तो ती परत देत नाही.
तिच्याखाली आता त्याच्या कोंबड्या बसतात.
"वरनं आलेलं," म्हणतो,
"माघारी द्यायचं नसतंय."

त्यानंतर मी उद्यमबागेत कल्लाप्पा मेस्त्रीकडे गेले.
बशीतला चहा फुंकत तो म्हणाला,
"वारं ढकलत न्हाई गे पोरी, उचलतंय.
पाठीमागनं पोटाखाली शिरतंय,
मग प्लेट ऱ्हात न्हाई ती, पंख हुतोय."
मी तोवर एवढंच शिकले होते
की वजन खाली जातं.

म्हणून यंदा पाठीला पत्रा,
पायांत तिरक्या पट्ट्या,
बुडाला काँक्रीटचे ठोकळे,
एकेक चढवताना बसाप्पाची कंबर धरली.
आणि हा नवा पाना, लांब दांड्याचा,
पुरेसं झालं की टक् म्हणतो.
त्याच्यापुढं जायचं नाही.
जास्त आवळलं की काच आतनं तडकते,
बाहेरनं दिसत नाही, असं मेस्त्री म्हणाला होता.
म्हणाला, आणि बराच वेळ गप्प बसला.
थोरला लेक त्याच्याशी बोलत नाही
हे मला नंतर कळलं.

प्लेटला चार क्लँप. अठ्ठ्याऐंशी.
टक्.
हाताला चटका बसतो, ओढणी गुंडाळते.
टक्.
एकसष्ठाव्याला काकतीच्या अंगाला आभाळ
शाईसारखं सांडलं.
सत्तराव्याला हेस्कॉमची लाइन गेली.
खाली बायका कॅन घेऊन ओळीत,
कुलर आमच्याच प्लेटांवर घरघरतोय,
कुणी वर बघत नाही, दूध मोजून घेतायत.
एकोणऐंशीव्याला धूळ तोंडात आली
आणि बसाप्पा ओरडला, "इळी खाली, इळी!"

उरलेले नऊ
मी साध्या पान्यानं, मनगटाच्या अंदाजानं आवळले.

रात्रभर वारा कौलांतनं बोटं घालत होता.
आई म्हणाली, झोप गे.
मी नऊ मोजत होते.
एकेकाला नाव घेऊन विचारत होते,
धरलंस ना?
बोल्टला काय नाव असतं?
पण मी घेत होते.

सकाळी बावीसच्या बावीस.
चिंचेची अर्धी फांदी रस्त्यात,
शाळेचा फलक गटारात,
आणि ओमाण्णा परड्यात उभा.
त्याची ती प्लेट, नुसत्या दोन दगडांवर ठेवलेली,
भिंतीपल्याड जाऊन पडलेली.
कोंबड्या भिजून निम्म्या झालेल्या.
बराच वेळ तो आमच्या स्लॅबकडं बघत राहिला.
मग खालच्या आवाजात,
"चार क्लँप उरल्यात काय गे?"

उरलेत, म्हणाले.
पण थांब जरा.
आधी वर जाऊन
ते नऊ बघून येते.