सुस्त साक्षीदार

पी-शून्य-एक-तीन-तीन.
पहिली बँक, पहिला सेन्सर, प्रतिसाद मंद.
हाउतालाबाईंची ब्यूक तिसऱ्यांदा हाच आकडा घेऊन आली,
पूल ओलांडून, हॅनकॉकच्या चढावरून,
चाकांच्या कमानीत मीठ आणि गोठलेला चिखल,
डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यावर चिकटपट्टी,
कारण रात्री तो डोळ्यांत जातो म्हणे.

आधीच्या दोन गॅरेजांनी दोन नवे सेन्सर बसवले होते.
पावत्या बाईंनी बिस्किटांच्या डब्यातून आणल्या.
चोर सोडून संन्याशाला सुळी, तीही दोनदा.
ट्रेलोर म्हणाला, आता तू बघ,
आणि सेन्सरला हात लावायचा नाही. शेवटपर्यंत.

इंजिन तापवलं. अडीच हजार फेऱ्यांवर धरलं.
पडद्यावर रेघ चालू लागली.
निरोगी सेन्सर चिमणीसारखा असतो:
दाणा आहे, नाही, आहे, नाही,
मान वर, मान खाली, सेकंदात दोनदा.
हा उठायलाच वेळ घेत होता,
उतरायला त्याहून जास्त,
कुणी कमरेएवढ्या बर्फातून बूट उपसत चालावं तसा.

इनटेकमध्ये प्रोपेनची फुंकर दिली.
रेघ चढली. चढली खरी,
पण तेवढ्यात माझं नाक पुसून झालं.
व्हॅक्यूमची नळी उपटली, इंजिन थरथरलं,
रेघ विचार करत करत खाली आली.
खोटं बोलत नव्हता तो.
उशिरा बोलत होता.

एक्झॉस्टच्या सांध्यांत धूर सोडून पाहिला, कुठे फट नाही.
वायर शाबूत. हीटर गरम.
मग ट्रेलोरनं मान हलवली आणि मी पाना लावला.

टोकावर पांढरी भुकटी.
काजळी असती तर काळी असती.
ही कोरडी, चिमटीत कणीदार.
वाळूच म्हणायची. म्हणजे सिलिकॉन,
आणि तेही आतून जळून आलेलं.

व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेनं बॅटरी फिरवली.
थर. थरावर थर. खालचे पिवळे पडलेले,
सगळ्यात वरचा अजून बोटाला चिकटणारा,
आणि वास व्हिनेगरचा,
न्हाणीघराचा.
इंजिन ती वाफ आत ओढतं, जाळतं,
आणि राख बसते साक्षीदाराच्या तोंडावर.

बाई कॉफी फुंकत बसल्या होत्या.
विचारलं, हे कुणी लावलं?
"ताउनोनं. गेला त्याच्या आदल्या महिन्यात.
टबसाठी आणलेली नळी उरली होती."
आणि त्यानंतर?
त्यांनी पर्स उघडून नळी काढली,
शेपटाकडून टूथपेस्टसारखी गुंडाळत आणलेली.
"तेलाचा वास आला की बोटभर लावते.
बोट ओलं करून, त्यानं दाखवलं तस्सं.
का, चुकतंय काही?"

ट्रेलोर उगाच ड्रॉवर उघडू-मिटू लागला.
मला वायर जोडली असती
तर तोच कोड आला असता.

"लावता सफाईनं," मी म्हटलं. "एक थेंब गळत नाही.
पण हे घरातलं आहे. गाडीला मानवत नाही."
त्यांनी नळीवरची बारीक अक्षरं वाचली,
चष्मा काढून, मग चष्मा लावून.
"म्हणजे दोन्ही सेन्सर मीच मारले."

दुपारभर मी ते थर खरवडले.
प्लास्टिकच्या पात्यानं, धातूवर ओरखडा न येऊ देता.
एका थरात बोटाचा ठसा होता, रुंद,
बाईंच्या बोटाहून रुंद.
तोही निघाला.

नवं गॅस्केट, नवा सेन्सर.
पडद्यावर चिमणी.
कोड पुसला, बिल लिहिलं, अर्धा तास कमी लावला.
चिकटपट्टी राहू द्या म्हणाल्या, दिवा पेटला तर सांगाल तुम्ही.

पुलापर्यंत जाऊन परत आल्या.
काच खाली करून हात बाहेर काढला.
"ती नळी द्या," म्हणाल्या.
"टब अजून गळतो."