चौऱ्याण्णव आणि पुढे

ग्लासगोत, गव्हनहिलच्या तिसऱ्या मजल्यावर
मुर्डो एका बाईला चौऱ्याण्णववर बसवू पाहतोय.
बाई बसत नाही.

पहिल्या कडव्यात बसते, अगदी शहाण्यासारखी,
समेवर पाय ठेवते.
दुसऱ्यात केसभर पुढे.
तिसऱ्यात ठेका अजून दारात जोडे घालतोय
आणि ही फाटकाबाहेर.

टेप चौऱ्याहत्तर सालची. लुईस बेटावरच्या गावाचा हॉल,
लांब टेबल, भोवती दहा बायका,
मधे ओलं लोकरी कापड:
आपटायचं, रगडायचं, शेजारणीकडे सरकवायचं,
घट्ट होईस्तोवर.
गाणं त्यासाठीच. ऐकायला कुणी नव्हतं,
टेपवाला सोडला तर.

आधी मुर्डोने ते आपटणं पुसलं,
धप्प धप्प, एकेक,
तांदळातले खडे निवडावेत तसं.
मागून झील धरणाऱ्या नऊ जणी कापल्या.
दोन रात्री गेल्या.
उरला नुसता गळा, स्वच्छ, पोरका.
त्याखाली त्याने विकतचा ढोल ठेवला,
ज्याला हात नाहीत,
म्हणून जे कधी भरून येत नाहीत.

मग ताणणं.
आवाज ताणला की श्वासाचा पत्रा होतो,
'स' शिट्टी मारतो,
लांब आकारात कुणीतरी पाण्याखालून बोलतं.
तरी त्याने प्रत्येक मात्रेला चिमटा लावला
आणि बाईला दोरीवर वाळत घातलं.
ती वाळली.
सगळं जागेवर आलं, आणि जागा रिकामी.

रविवारी त्याने फोन लावला.
एफी मॅकऑले, वय सत्त्याहत्तर, कानात यंत्र.
टेपवर ती सव्वीसची.
तुम्ही पुढे पुढे का पळता, त्याने विचारलं,
आणि पेन्सिल हातात घेतली.
आता काहीतरी जुनं, खोल कळणार होतं:
कापड मऊ होत जातं, हात हलके होतात,
असं काही.

"मऊ? छे. कापड जड असतं, शेवटपर्यंत जड.
अरे, क्रिस्टीनाला पाचची बस गाठायची होती.
टेबलाच्या टोकाला बसून सारखी घड्याळ बघत होती.
टोकाची बाई घाईला आली की कापड पळतं.
कापड पळालं,
तर मी काय, मागे बसून गाऊ?"

त्याने फोन स्पीकरला टेकवला, मिक्स ऐकवलं.
"छान आहे," ती म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
"पण ह्या सगळ्या गेल्या कुठे?"

त्या रात्री मुर्डोने चिमटे काढले.
मूळ फाइल उघडली. धप्प परत आली,
तिच्यामागून नऊ जणी, थोड्या रागावल्यासारख्या.
जिथे जिथे धप्प, तिथे त्याने रेघ मारली,
आणि ढोलाला सांगितलं, ह्या रेघांवरून चाल.
चौऱ्याण्णव. पंचाण्णव. सत्त्याण्णव.
मधेच एकदा शहाण्णव
(कुणाची तरी बाही अडकली असावी).
शेवटच्या कडव्यात एकशे तीन.

अनीला शुक्रवारी क्लाइडकाठच्या तळघरात वाजवते.
ती म्हणाली, हे असं सुटलेलं गाणं,
ह्याला पुढे काय जोडू? काहीच जुळणार नाही.
नको जोडूस, मुर्डो म्हणाला.

तर शुक्रवारी, पावणेदोनला,
दीडशे माणसं न कळत घाईला आली.
कुणाचा ग्लास सांडला. कुणी हसलं.
लुईसमधल्या टेबलाने तळघराची फरशी
एकशे तीनवर नेली,
आणि गाणं संपलं.

टेपवर त्यानंतर चार सेकंद आहेत.
मुर्डोने ते कापलेले नाहीत.
खुर्ची सरकते.
दार वाजतं.
बस मिळाली का, विचारायचं राहूनच गेलं.