पंधरा दिवस फुकट

काळाचौकीचा गाळा, सहा बाय दहा.
मी, चार पोरं आणि एक लांबोडकी वही.
पाण्याचे फिल्टर बसवतो, धुतो, बदलतो.
वहीत सगळं आहे:
‘कोतवाल, तिसरा मजला, बेल बंद, कडी वाजवणे.’
‘डिकुन्हा बाई. कुत्रा चावत नाही म्हणतात. चावतो.’

वहीत नाही ते असं:
गेल्या महिन्यात सात बिलं करायचीच राहिली.
शिवडीच्या एकाच घरी दोघं गेले, पाठोपाठ,
आणि नायगावला कुणीच नाही.
त्या बाईंनी आवाज चढवला नाही.
एवढंच म्हणाल्या, आम्ही सकाळपासून घरीच आहोत हो.

मग तो ओजस आला, लॅपटॉप घेऊन.
स्टुलावर बसला. चहा नको म्हणाला, मग प्यायला.
काका, प्रत्येक कामाला नंबर, प्रत्येक माणूस नकाशावर.
पंधरा दिवस फुकट.
मी म्हटलं, फुकट म्हणजे बघू.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
बिलं आपली आपण जायला लागली.
कोतवालांचे सहा महिने भरले, हे त्यानंच सांगितलं.
रात्री जेवताना डोक्यात हिशेब वाजेनासा झाला.
आणि चार निळे ठिपके, माझी पोरं,
लालबागहून वडाळ्याकडे सरकायचे
साखर सापडलेल्या मुंग्यांसारखे.
मी बघत बसायचो. कामधंदा सोडून.

आठव्या दिवशी, मंगळवारी, वाल्मीकचा ठिपका
परळच्या मोठ्या हॉस्पिटलापाशी थांबला.
पन्नास मिनिटं.
तिथं आपलं गिऱ्हाईक नाही.
मागचा मंगळवार उघडून पाहिला.
तिथंच. तेवढाच वेळ.

संध्याकाळी आला, चाव्या खिळ्याला अडकवल्या,
हातपाय धुतले, म्हणाला, शेठ, पाव इंची नळी संपत आलीये.
अकरा वर्षं आहे माझ्याकडे.
त्यानं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही.
त्यानं सांगितलं नाही, आणि मला कळलं.
हे कुठल्या रकान्यात टाकायचं?

पुढचा मंगळवार, साडेतीन ते पाच,
त्याला काम लावायचं नाही, अशी खूण केली.
यंत्र म्हणालं, कारण लिहा.
शेजारी लाल चांदणी. लिहिल्याशिवाय पुढे जाईना.
मी लिहिलं: चहा.

आज पंधरावा दिवस. ओजसचा फोन.
म्हटलं, बिलं ठेव, नंबर ठेव, आठवण करून देतं तेही ठेव.
ठिपके काढ.
काका, असा प्लॅन नाहीये आमच्याकडे.
म्हटलं, वरती विचार.

वरती विचारतोय.
चार वाजलेत. फोन टेबलावर उपडा घालून ठेवलाय.
वही उघडी आहे.
नायगावच्या बाईंचं नाव दोनदा लिहिलंय,
दुसऱ्यांदा जरा मोठ्या अक्षरात.